एक पायरी खाली

मोठ्या संघाकडून फोन आला तेव्हा एलिसेओ आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थालीपीठ खात होता. बुधवार होता, सकाळचे साडेनऊ. मी कामावर निघालो होतो आणि दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. त्याने फोन कानाला लावला, एकदा ‘येस’ म्हणाला, परत ‘येस सर’ म्हणाला आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. पद्मा तव्यापाशी उलथनं हातात धरून थांबली.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

“पापा, मला वर बोलावलंय.”

“कधी?”

“आज. दोनचं विमान आहे. उद्या रात्री त्यांच्याकडे सामना.”

पद्माला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण हे तिला सांगावं लागलं नाही. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि देवापुढे साखर ठेवायला गेली. येताना चिमूटभर साखर त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती जिभेवर टाकली आणि तिच्या पाया पडला. हे आम्ही त्याला सांगितलेलं नव्हतं, शिकवलेलंही नव्हतं. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याचं बघून तो कधीतरी शिकला असावा.

‘वर’ म्हणजे कुठे, ते सांगतो. अमेरिकेत बेसबॉलच्या प्रत्येक मोठ्या संघाखाली पाच-सहा लहान संघांची उतरंड असते. पोरं सगळ्यांत खालच्या संघात येतात आणि एकेक पायरी चढतात. बहुतेक जण मधेच कुठेतरी थकतात नाहीतर काढून टाकले जातात. हे लहान संघ छोट्या छोट्या गावांतून खेळतात. ओहायोतल्या आमच्या लॉरेल फॉल्समधला संघ त्यांतला सगळ्यांत वरचा, म्हणजे मोठ्या संघाच्या एकच पायरी खाली होता. ही एक पायरी काहींना एका महिन्यात पार होते, काहींना कधीच नाही.

मी जयसिंगपूरचा. भरत शिरगुप्पे. लॉरेल फॉल्समधल्या पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचो. क्रिकेटबद्दल बोलायला अख्ख्या गावात कुणी नव्हतं, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात नाइलाजाने बेसबॉल बघायला गेलो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुरता बिघडलो. सामन्यांपेक्षा मला नाद लागला तो याद्यांचा. मोठ्या संघाच्या होतकरू खेळाडूंची तीस जणांची यादी एका वेबसाइटवर असायची. सकाळी दात घासायच्या आधी मी संगणक लावायचो. काल कुठल्या गावात कोण कसा खेळला, कोण वर गेला, कुणाला खाली धाडलं. माझ्या चुलत्यांच्या मुलांची लग्नं मला आठवत नव्हती, पण तिसऱ्या पायरीवरच्या, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या पोराचा गुडघा कधी दुखावला ते तारखेनिशी सांगता यायचं. पद्मा म्हणायची, “एवढं माझ्या तब्येतीकडं बघितलं असतं तर.”

तर अशा गावात एक रीत असते. लहान संघातल्या खेळाडूंना पगार जेमतेम मिळतो, म्हणून गावातली माणसं एकेकाला हंगामापुरती खोली देतात. मी संघाच्या क्लबात जाऊन नाव दिलं. तिथल्या बाईंना आधीच सांगितलं की आम्ही जैन आहोत, घरात मांस-अंडं काही शिजत नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे पाठवते तो काहीही खातो.”

आला तो एलिसेओ पिचार्दो. डॉमिनिकन रिपब्लिकचा, डावखुरा पिचर, वय सत्तावीस. क्रिकेटमधला गोलंदाज तसा बेसबॉलमधला पिचर. तीस जणांच्या यादीत तो एकेकाळी बाविसावा होता. सत्ताविसाव्या वर्षी ‘होतकरू’ हा शब्द माणसापासून काढून घेतात. आमच्याकडे आला तेव्हा तो कुठल्याच यादीत नव्हता. मला तो यादीमुळे माहीत होता, हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने मला त्याच दिवशी ‘पापा’ करून टाकलं. मी त्याच्याहून फक्त बारा वर्षांनी मोठा होतो. पद्माला तो ‘मामा’ म्हणायचा, म्हणजे आई. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती हसून हसून खुर्चीवर बसली.

त्या दोघांचं छान जमलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला तिच्याहून थोडं बरं येत होतं. दोघंही क्रियापदाविना बोलायचे आणि एकमेकांचं सगळं त्यांना कळायचं. मी मधे पडून नीट भाषांतर करून दिलं की दोघं माझ्याकडे, मी कुठून आलो, अशा नजरेने बघायचे.

एकदा मी त्याला विचारलं होतं, वर जाऊन काय करायचंय. किती पैसे, किती वर्षं, असं काहीतरी ऐकायची माझी तयारी होती.

“एक दिवस,” तो म्हणाला. “एक दिवस वर खेळलो की नाव पुस्तकात जातं, पापा. मग कुणी काढू शकत नाही. माझी मुलगी मोठी होऊन उघडून बघेल.”

ते खरंच आहे. आजवर मोठ्या संघात एक चेंडू जरी टाकला असेल, तरी त्या माणसाचं नाव कायमचं नोंदलेलं असतं. आणि ज्याने टाकला नाही त्याचं नसतं, मग तो खाली पंधरा वर्षं खेळलेला असो.

त्या बुधवारी तो खोलीत कपडे भरत होता आणि मी दारात उभा राहून त्याला विमानतळाचा रस्ता सांगत होतो, जणू मीच विमान चालवणार होतो. कामावर उशिरा येतो म्हणून फोन केला. खरं सांगायचं तर मला त्या घटकेला वाटत होतं की त्याला वर मीच पाठवलंय. तसं वाटायला कारण होतं.

मे महिन्यात तिकडे झाडांचा पराग उडतो. गाड्यांवर पिवळी भुकटी साचते. एलिसेओला दम लागायला लागला. चार डाव तो झकास टाकायचा आणि पाचव्यात त्याची छाती वाजायची. संघाच्या डॉक्टरला सांगायला तो तयार नव्हता. फाइलवर ‘दमा’ लिहिलं की वर बोलावताना दुसऱ्याचं नाव पुढे जाणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही चूक नव्हतं. मला स्वतःला लहानपणापासून दमा. जयसिंगपुरातल्या आमच्या वैद्यांचं चूर्ण मी वर्षानुवर्षं घेत आलोय. माझी बहीण, आक्का, दर फेब्रुवारीत कुणी येणारं-जाणारं गाठून कॉफीच्या रिकाम्या बाटलीतून ते पाठवायची. मी त्याला मधातून अर्धा चमचा दिला.

“यात काय आहे?” त्याने विचारलं.

“झाडपाला,” मी म्हटलं.

आता, क्लबाने मला एक कागद दिला होता. खेळाडूला आमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलंही औषध देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. पण औषध म्हणजे गोळ्या, इंजेक्शन, दुकानात मिळतं ते. मधातून दिलेलं चूर्ण औषधात धरतात, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पद्माच्याही नाही. हळदीचं दूध आपण काय डॉक्टरला विचारून देतो?

पाच दिवसांत त्याची छाती मोकळी झाली. रोज सकाळी अर्धा चमचा आणि मैदानावर जायच्या आधी अर्धा. पुढचे पाच सामने त्याने असे टाकले की मी संगणकावर एकेक आकडा दोनदोनदा वाचायचो. मधे एकदा संघातल्या सगळ्यांची लघवी तपासायला नेली होती. तो घरी येऊन ते सांगतही होता, हसत हसत. आम्हीही हसलो.

सव्वादहाला त्याचा फोन परत वाजला. तो खोलीत होता, मी दारात. यावेळी तो ‘येस सर’ म्हणाला नाही. “व्हॉट?” म्हणाला. मग एक शब्द त्याने हळू हळू, तुकडे पाडून उच्चारला. फोन ठेवल्यावर हातातला बूट त्याने पिशवीत न ठेवता जमिनीवर ठेवला.

“विमानतळावर जाऊ नको म्हणाले. मैदानावर ये म्हणाले. तपासणीत काहीतरी निघालंय.”

तो शब्द त्याने मला सांगितला. मी संगणकावर टाकला. ते एका झुडपाचं नाव होतं. बंदीच्या यादीत ते होतं, आणि खाली वेगवेगळ्या देशांतली त्याची नावं दिली होती. हिंदुस्थानातलं नाव होतं सोमलता. वैद्यांनी बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तेच पहिलं नाव होतं. सोमलता, अडुळसा, पिंपळी. मी ती चिठ्ठी शंभरदा वाचली होती.

“पावडर?” एलिसेओने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

तो पलंगावर बसला. चिडला नाही. मला वाटतं त्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला, आता पुढे काय करायचं याचा.

“मी त्यांना सांगतो,” तो म्हणाला. “पापाने दिली, दम्यासाठी, मला ठाऊक नव्हतं. ते तुम्हाला विचारतील. तुम्ही पण सांगा.”

“सांगतो.”

“नक्की?”

“अरे, नक्की.”

संघातला एक जण गाडी घेऊन आला आणि तो गेला. मी कामावर फोन करून दिवसभराची सुट्टी घेतली. मग कपाटातून बाटली काढली, चूर्ण सिंकमध्ये ओतलं, वर गरम पाण्याचा नळ सोडला. चिठ्ठी भिजवून नखाने खरवडली. बाटली साबणाने दोनदा धुतली. असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. हात करत होते आणि मी बघत होतो.

“अहो, काय करालाय?” पद्मा मागे उभी होती.

“जुनं झालं होतं.”

“जुनं कुठलं? आक्कांनी फेब्रुवारीत तर पाठवलंय.”

मी बाटली परत नळाखाली धरली. तिला तेव्हा एवढंच माहीत होतं की तपासणीत आपलं चूर्ण सापडलंय आणि एलिसेओचं जाणं थांबलंय. ते मीच तिला सांगितलं होतं. तिने बाटली माझ्या हातातून घेतली, पुसली आणि जाळीवर पालथी घातली.

मला भीती वाटत होती. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज अडीच वर्षं पडून होता. कारखान्यातून त्या वसंतात अकरा जणांना काढलं होतं. आमचा वकील एकदा म्हणाला होता की कार्ड हातात येईपर्यंत पार्किंगचा दंडसुद्धा होऊ देऊ नका. मी गोष्टी ओळीने मांडत गेलो. परदेशातून मागवलेलं औषध. बंदी असलेलं. न देण्याबद्दल सही केलेला कागद. वकिलाला एक फोन करून विचारता आलं असतं की याने खरंच काही बिघडतं का. तो फोन मी केला नाही. नंतरही कधी केला नाही.

तीन वाजता मिस्टर डॉयल आले. मोठ्या संघात लहान संघांचा कारभार बघणाऱ्या खात्यातले. साठीच्या पुढचे, उंच, टोपी हातात धरून दारात उभे. बूट काढू का म्हणून त्यांनी स्वतःहून विचारलं. चार तास गाडी हाकत आलो म्हणाले. सोफ्यावर टोकाशी बसले.

“मिस्टर शिरगुप्पे, मी सरळ बोलतो. शिक्षा पन्नास सामन्यांची आहे. ती टळणार नाही. नियमाला हेतूशी देणंघेणं नाही.”

“कळलं.”

“पण शिक्षा संपल्यावर तो आमच्याकडे राहतो की नाही, ते माझ्या हातात आहे. पोरगा म्हणतो, तुम्ही त्याला दम्यावर घरगुती पावडर दिली आणि त्यात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तसं असेल तर मी त्याला ठेवतो. ऑगस्टमध्ये तो परत टाकायला लागेल, सप्टेंबरात वर जाईल. तसं नसेल तर तो माझ्याशी खोटं बोलला, आणि त्याच्या वयाच्या पिचरला आम्ही तेवढ्या कारणाने सोडतो. दुसरा कुणी घेईल असं मला वाटत नाही.”

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“मला त्याला ठेवायचंय,” ते म्हणाले. “म्हणून फोन न करता आलो.”

पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘पावडर’ तिने ऐकलं होतं.

“मी त्याला काही दिलं नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे तो फक्त जेवतो.”

“तुम्ही दम्यावर काही घेता का?”

“डॉक्टरांनी दिलेला फवारा.” तोही होता, खोटं नव्हतं ते.

डॉयल माझ्याकडे बघत राहिले. विश्वास नाही असं नाही. आणखी थोडा वेळ देत होते मला. तेवढ्यात पद्मा पुढे आली. तिने त्यांच्याकडे बघून, पण मला, मराठीत म्हटलं, “सांगा की त्यांना. आपणच दिलंय म्हणावं. त्याची काही चूक नाही. बाटली हवी तर दाखवते मी.”

तिने स्वयंपाकघराकडे बोटही दाखवलं.

“त्या काय म्हणतायत?” डॉयलनी विचारलं.

“चहा घ्याल का विचारतेय.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “घेईन की. फार बरं होईल,” ते म्हणाले आणि तिच्याकडे बघून मान लववली.

पद्माने माझ्याकडे बघितलं.

“सांगितलं मी,” मी तिला मराठीत म्हटलं. “चहा घेतो म्हणाले.”

तिला ते खरं वाटलं. तिने डॉयलना ‘थँक्यू’ म्हटलं, दोनदा, आणि आत जाऊन आलं ठेचायला घेतलं. इतका चांगला चहा तिने क्वचितच केला असेल. कप तिने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी शेवटचा घोट घेईपर्यंत ती समोर उभी राहिली, चेहऱ्यावर एवढा निवांतपणा की मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीतून त्यांच्या गाडीकडे बघत बसलो. तपकिरी गाडी होती, काचेवर किडे चिकटले होते.

ते गेल्यावर तिने विचारलं, “काय म्हणाले शेवटी?”

“बघतो म्हणाले.”

“ठेवतील. भला माणूस वाटला.”

रात्री एलिसेओ आला नाही, मित्राकडे राहिला. पद्माने त्याच्यासाठी केलेली कढी झाकून ठेवली.

गुरुवारी दहाच्या सुमाराला तो सामान न्यायला आला. त्याला सोडलं होतं. आदल्या संध्याकाळीच कागद हातात दिला होता. दारात मी होतो. तो ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला आणि माझ्या बाजूने आत गेला. खोलीतून दोन पिशव्या आणल्या. मी त्यातली एक उचलली आणि गॅरेजमधून बाहेर मित्राच्या गाडीत ठेवायला गेलो. कुणीतरी काहीतरी उचलायला हवं होतं.

परत आलो तेव्हा गॅरेजमधून घरात जायचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मी थांबलो.

“व्हाय गो?” पद्मा विचारत होती. “ही टेल. पावडर, ही टेल. मॅन ड्रिंक टी. गुड मॅन.”

आतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

“ही टेल,” ती परत म्हणाली.

“नो, मामा,” तो म्हणाला. “पापा टेल नो.”

“नो?”

“नो पावडर. पापा टेल, नो पावडर.”

एवढंच. त्याने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. तिला कळलं नव्हतं ते त्याने सांगितलं, झालं. इंग्रजीचे जेमतेम दहा शब्द लागले आणि त्या दोघांना माझी कुठे गरज पडली नाही.

मी आत गेलो नाही. गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही. लाज पुढे वाटली, वर्षा-दोन वर्षांनी, आणि मग सवडीने वाटतच राहिली. त्या क्षणी मला काहीच होत नव्हतं. हात-पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटत होते. समोर फळीवर रंगाचे डबे होते, मी त्यांच्यावरची नावं वाचली.

ते दोघं पुढच्या दाराने बाहेर आले. पद्माने त्याला थालीपिठांचं पुडकं दिलं होतं. तो माझ्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. मी हातात हात दिला.

“एलिसेओ,” मी म्हटलं, “मी...”

“तुमची कार्डाची भानगड आहे, मला माहितेय,” तो म्हणाला. “माझ्या भावाची पण आहे.”

त्याने एवढंच म्हटलं. शिव्या घातल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. पद्मा त्याच्याबरोबर गाडीत बसली आणि बसस्टँडपर्यंत गेली. परत येताना दोन मैल चालत आली. आल्यावर हातपाय धुतले, कढी ओतून टाकली आणि मला वाढलं. ती माझ्याशी बोलायची थांबली नाही. मी सारखी वाट बघत होतो ती थांबण्याची.

सोमवारी ती गावातल्या ग्रंथालयात गेली आणि इंग्रजीच्या वर्गाला नाव घालून आली. तीन वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो, तेव्हा गेली नव्हती. दुकानात कुणी ‘काय म्हणालात?’ असं परत विचारलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“आता कसं काय सुचलं?” मी विचारलं.

“माझं बोलणं माझं मला सांगता यायला पाहिजे,” ती म्हणाली.

आठवड्यातून चार दिवस जायची. घरी शब्दकोश घेऊन बसायची. मला एकही शब्द विचारला नाही. तीन आठवड्यांनी तिने डॉयलना पत्र लिहिलं, पान-दीड पान. पत्ता क्लबातल्या बाईंकडून स्वतः जाऊन आणला. पाठवायच्या आधी माझ्यापुढे ठेवलं, दुरुस्त करायला नाही, मला माहीत असावं म्हणून. मी वाचलं. व्याकरण धड नव्हतं पण सगळं लिहिलं होतं. चूर्ण, अर्धा चमचा, मध, धुतलेली बाटली, चहा. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं. माझे पती घाबरले, असं.

“टाकू का?” तिने विचारलं.

माझा अर्ज पडूनच होता. कारखान्यातून आणखी चौघांना काढलं होतं.

“टाक,” मी म्हटलं. त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं एवढंच बरं काहीतरी आहे, आणि तेही मी ‘नको’ म्हटलं असतं तरी तिने टाकलंच असतं.

उत्तर यायला ऑगस्ट उजाडला. पाकिटावर तिचं नाव होतं. ती जेवणाच्या टेबलाशी शब्दकोश घेऊन बसली. वीस मिनिटं लागली तिला. मी समोर बसून होतो.

“जूनमध्ये कळलं असतं तर ठेवला असता म्हणतात,” तिने सांगितलं. “आता त्याच्या जागी दोघं घेतलेत. तो मेक्सिकोत खेळायला गेला होता. तिथं त्याचा खांदा गेलाय, असं त्यांना कळलंय.”

मग तिने पत्राची घडी घातली आणि पोळ्या करायला उठली.

माझ्यावर कुणी काही कारवाई केली नाही. पुढच्या हंगामासाठी क्लबाने आमच्याकडे कुणाला पाठवलं नाही, तेवढंच. कार्ड वर्षभराने आलं, दोघांचंही, एकाच दिवशी. त्यानंतर एलिसेओ परत कधी खेळला नाही. पुस्तकात त्याचं नाव नाही. मी बघितलंय. मोठ्या संघांत आजवर खेळलेल्यांची नावं आता संगणकावर आद्याक्षरांप्रमाणे सापडतात. पिचार्दो आडनावाची माणसं आहेत, त्यांत तो नाही. हे मला माहीत असूनही मी अधूनमधून उघडून बघतो.

सतरा वर्षं झाली. तो त्याच्या गावी शाळेतल्या मुलांना शिकवतो. मुलगी नर्स झालीय. दर नाताळला त्याचा फोन येतो. मी उचलला तर तो नीट बोलतो, तब्येत विचारतो, मग ‘त्या आहेत का?’ म्हणतो आणि मी फोन पद्माकडे देतो. तिचं इंग्रजी आता माझ्याहून सफाईदार झालंय, त्याचंही सुधारलंय. दोघं अर्धा-पाऊण तास बोलतात. ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाते. कधी हसल्याचं ऐकू येतं, कधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही.

बाहेर आली की मी विचारतो, “काय म्हणाला?”

“बरा आहे म्हणाला,” ती सांगते.

तेवढंच म्हणाला का, हे मी विचारत नाही.